पावसाळ्यात घरी बसून फ्लाय बांधायला शिकायचंय, कुठून सुरुवात करू?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुमचा मावसभाऊ मिशिगनला असतो. तिकडे बर्फ पडायला लागला की त्याचं नदीवर जाणं थांबतं आणि तो चार-पाच महिने टेबलाशी बसून ट्राउट या नदीतल्या माशासाठी फ्लाय बांधतो, म्हणजे गळावर पिसं, केस धाग्याने आवळून नकली भक्ष्य बनवतो, आणि व्हिडिओ कॉलवर तुम्हाला दाखवतो. तुम्ही मुलुंडला राहता, दिवाळीपासून मेपर्यंत खाडीवर गरवायला जाता आणि पावसाळ्यात नुसते खिडकीतून आभाळाकडे बघत बसता. तर जून ते सप्टेंबर आपणही त्याच्यासारख्या फ्लाय बांधाव्यात का, त्याने सुचवलेलं तयार किट मागवावं का, आणि आठ वर्षांच्या मुलीला सोबत बसवावं का, हे तुम्ही विचारलंय.

बांधा, नक्की बांधा. किट मात्र मागवू नका. मुलीचं शेवटी सांगतो.

किटला माझा विरोध का, ते आधी. तिकडच्या नद्यांमधला ट्राउट पाण्यावर येणारे बारीक किडे खातो. त्यामुळे तुमचा भाऊ जे बांधतो ते १४, १६, १८ नंबरच्या गळांवर, म्हणजे नखावर मावतील अशा चिमुकल्या माश्या. मिशिगनला तर याची मोठी परंपरा आहे. जगभर वापरली जाणारी ‘ॲडम्स’ ही फ्लाय लेन हॅलाडे यांनी १९२२ मध्ये तिथेच बांधली. तयार किटमध्ये याच कामाचा माल भरलेला असतो: बारीक गळ, बारीक पिसं, करड्या लोकरी. आपल्या खाडीतला जिताडा बोय, मांदेली आणि कोळंबी गिळतो. तांबोशी आणि रावस यांचंही तेच. त्यांना बोटभर लांबीचं, पाण्यात पोहणारं काहीतरी हवं आणि ते १/० किंवा २/० च्या गळावर बांधायला हवं. (नंबरांचा घोळ नवख्यांना होतो म्हणून सांगतो: साध्या नंबरांत आकडा मोठा तितका गळ लहान. १ नंबरच्या पुढे शून्यवाले सुरू होतात, तिथे आकडा चढेल तसा गळ मोठा.) किटमधला निम्मा माल तुमच्या कपाटात तसाच पडून राहील. माझा राहिला होता.

तर खरेदी थोडकी ठेवा. एक व्हाइस लागेल, गळ धरून ठेवायला. टेबलाच्या कडेला आवळता येणारा साधा व्हाइस पुरतो. तोही आत्ता घ्यायचा नसेल तर झवेरी बाजाराच्या आसपास सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्या दुकानांत छोटा हातव्हाइस मिळतो, तो लाकडाच्या ठोकळ्याला पक्का बसवा. पहिली दोन वर्षं मी त्याच्यावरच काढली. दुसरी वस्तू बॉबिन होल्डर. इथे शिलाई मशीनची बॉबिन डोळ्यांसमोर आणू नका. ही म्हणजे दोन तारांच्या चिमट्यात धाग्याचं रीळ आणि खाली एक बारीक नळी. ही मात्र चांगली घ्या, नळीचं तोंड गुळगुळीत आहे ना ते बघून. तोंडाला जराशी धार असली तरी ती धागा कापत राहते आणि माणूस वर्षभर स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. तिसरी वस्तू टोकदार, बारीक पात्याची कात्री, भरतकामाची चालते. शेवटची गाठ मारायला वेगळं हत्यार मिळतं, पण रिकाम्या बॉलपेनाची नळी त्या कामाला पुरते. गळ क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात गळ-दोरीच्या दुकानांत मिळतील. खाऱ्या पाण्याचे, कल्हई केलेले किंवा स्टेनलेसचे मागा. चमक पाहिजे तर भुलेश्वरला जरीकामाचा माल मिळतो तिथे प्लास्टिकची चमकी घ्या. धातूचा खरा बादला घेऊ नका, खाऱ्या पाण्यात तो काळा पडतो.

आता धागा. माझं अख्खं उत्तर या एका गोष्टीवर उभं आहे. नवा माणूस पिसांच्या आणि रंगांच्या मागे लागतो. बाजारात फिरून पन्नास रंगांची लोकर आणतो. त्याची फ्लाय दुसऱ्या माशाला सुटते, कारण धाग्याचा ताण त्याला कधी कळलेलाच नसतो. फ्लायमध्ये गोंदाचं काम फार थोडं असतं. सगळं काही धाग्याच्या आवळीवर टिकून असतं.

घरातला सुती शिवणाचा धागा वापरू नका. तो जाड असतो, फुगतो, फ्लायचं डोकं (नेढ्यामागचा धाग्याचा गोळा) वांग्यासारखं होतं. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा, १४० डेनिअरचा धागा आणा. डेनिअर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, आकडा कमी तितका धागा बारीक. ट्राउटवाले ७० वापरतात. आपल्या गळांना १४० बरा. पहिल्या संध्याकाळी काहीही बांधू नका. रिकामा गळ व्हाइसमध्ये लावा, नेढ्याजवळ धागा दांडीवर टेकवा, त्याच धाग्यावरून मागे सात-आठ वेढे घ्या म्हणजे तो आपल्याच खाली अडकेल, आणि उरलेलं टोक कापा. मग बॉबिन हळूहळू खाली ओढत जा, तुटेपर्यंत. तुटला? पुन्हा लावा, पुन्हा तोडा. असं दहा वेळा. पाचव्या-सहाव्या वेळेनंतर बोटांना कळायला लागतं की तुटायच्या जरा आधी धागा कसा ताठतो, नळीत कसा किंचित कुरकुरतो. त्या जागेच्या एक केस अलीकडे थांबायचं आणि तिथेच राहून बांधायचं. हे व्हिडिओ बघून येत नाही.

आणखी एक. हा धागा पीळ असलेला की सपाट, हे तुमच्या हातात असतं. बॉबिन लोंबती सोडून वरून बघा आणि तिला घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा. पीळ सुटून धागा फितीसारखा पसरतो. फितीने बांधलं की केस दबतात, थर पातळ बसतो. उलट्या बाजूला फिरवलं की दोरीसारखा गोल होतो आणि एकाच जागी चावतो. फ्लायचे डोळे बांधताना दोरी, डोकं गुळगुळीत करताना फीत.

पहिला नमुना एकच निवडा: क्लाउझर मिनो. बॉब क्लाउझर या पेन्सिल्वेनियातल्या वाटाड्याने तो १९८० च्या दशकात सस्क्वेहाना नदीतल्या बास माशांसाठी बांधला आणि आज तो जगातल्या बहुतेक खाऱ्या किनाऱ्यांवर चालतो. यात डंबेलसारखे दोन जड डोळे दांडीच्या पाठीवर बांधलेले असतात. वजन एका बाजूला आल्यामुळे पाण्यात गळ उलटा होतो, टोक वर राहतं. आपल्या खाडीत तळाला कालवं, खारफुटीची मुळं, तुटलेली जाळी. टोक खाली असलेला गळ दर चौथ्या फेकीला अडकेल. हा क्वचितच अडकतो.

बांधायला बसण्याआधी पक्कडीने गळाचा उलटा काटा दाबून सपाट करा. मासा सोडायला सोपं जातं, आणि दाबताना गळ मोडायचाच असेल तर अर्ध्या तासाच्या मेहनतीआधी मोडलेला बरा. मग दांडी आडवी राहील असा गळ वाकावर पकडा. नेढ्यापासून दांडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर धाग्याची छोटी गादी करा, दहा-बारा वेढे एकावर एक. डोळे त्या गादीवर आडवे ठेवा आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखे तिरपे वेढे द्या, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. आठ-दहा झाले की डोळे बसल्यासारखे वाटतात. इथेच सगळे फसतात. आता अंगठा आणि तर्जनीत डोळे धरून पिळून बघा. फिरले ना? मग धागा दांडीला न गुंडाळता डोळ्यांच्या खालून, दांडीच्या वरून, आडवा गोल गोल फिरवा. पाच-सहा फेरे, पूर्ण ताणाने. हे फेरे आधीच्या तिरप्या वेढ्यांना बुडाशी आवळतात, खाटेची सुतळी आवळतात तसे. पुन्हा पिळून बघा. हलता कामा नयेत. मग एक थेंब गोंद.

मी हे आडवे फेरे न देता पहिला हंगाम काढला. ऑक्टोबरातली पहाट होती, मनोरीच्या खाडीत पाणी भरत होतं, खारफुटीच्या कडेला बोय उडत होते, म्हणजे खाली कोणीतरी त्यांच्या मागे होतं. दोन तास फेकलं, एक टोच नाही. शेवटी फ्लाय पायाशी उथळ पाण्यात धरून ओढली, तर ती कुशीवर पडून चकरीसारखी फिरत होती. डोळे दांडीभोवती पाव फेरा सरकले होते. डबीतल्या सगळ्या तपासल्या. अकरापैकी नऊ तशाच. त्या रात्री घरी येऊन नऊच्या नऊ ब्लेडने कापून काढल्या. तुमच्याही फसलेल्या फ्लाय फेकू नका. ब्लेडने दांडीच्या वरच्या बाजूने चीर दिली की गळ आणि डोळे दोन्ही परत मिळतात.

पुढचं काम हलकं आहे. पांढऱ्या केसांची झुपकी घ्या, काडेपेटीतल्या दोन काड्यांएवढी जाड, त्याहून जास्त नको. डोळ्यांच्या पुढे बांधा, दोन डोळ्यांच्या मधल्या खाचेतून मागे आणा आणि डोळ्यांच्या मागे चार सैलसर वेढ्यांनी दाबा. लांबी दांडीच्या अडीचपट. आता गळ उलटा करून व्हाइसमध्ये लावा, चमकीचे चार-सहा धागे बांधा, आणि त्यावर रंगीत केसांची तेवढीच झुपकी. रंग म्हणाल तर पोपटी-पांढरा गढूळ पाण्यात, फिकट तपकिरी आणि सोनेरी चमकी मांदेलीसारखी, निवळ पाण्यात. सगळ्यात जास्त चूक होते ती केसांच्या मापात. हातात धरल्यावर फ्लाय भरगच्च आणि सुंदर दिसली की समजावं केस दुप्पट झालेत. उजेडात धरून पलीकडची खिडकी दिसली पाहिजे.

हे केस कुठून आणायचे, यावर जरा थांबतो, कारण इथे लोक नकळत गुन्हा करून बसतात. मूळ नमुन्यात अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे केस असतात. आपल्याकडे ‘हरणाचेच ना’ म्हणून कोणी गावाकडून चितळाचे किंवा सांबराचे केस देऊ केले तर हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे ते बाळगणंच गुन्हा आहे. जुन्या रंगकामाच्या ब्रशांत मुंगसाचे केस असायचे, तेही बेकायदा. भाऊ कदाचित ‘जंगल कॉक’ नावाची पिसं पाठवू का म्हणून विचारेल. ती आपल्याच सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेवरची, मेणासारखे पिवळट ठिपके असलेली. इंग्रजांच्या काळापासून सामन माशाच्या फ्लायसाठी त्यांना जगभर मागणी होती आणि त्यापायी हा पक्षी फार मारला गेला. तिकडे पाळलेल्या पक्ष्यांची पिसं विकत मिळतात, पण टपालाने तीही मागवू नका. मोराच्या झडलेल्या पिसांना देशात सूट आहे, बाहेर पाठवायला बंदी आहे, तेव्हा भावाला भेट म्हणून तीही नकोत.

मग वापरायचं काय? बोकडाच्या दाढीचे आणि शेपटीचे लांब केस उत्तम, खाटकाला सांगून ठेवलं की मिळतात. नाहीतर खेळण्यांसाठी येणारं लांब केसांचं कृत्रिम फरचं कापड. ते पाण्यात फार छान हलतं आणि त्याला कीड लागत नाही. पिसं हवी असतील तर कोंबड्याची. पण चिकनच्या दुकानातला ब्रॉयलर कामाचा नाही. तो सहा आठवड्यांत कापला जातो, त्याच्या मानेवर लांब निमुळती पिसं यायच्या आधीच. पूर्ण वाढलेला गावठी कोंबडा लागतो, आणि मुंबईत तो मिळायची हमखास वेळ म्हणजे आषाढाची अखेर. गटारीच्या आदल्या दिवशी दुकानदाराला सांगून ठेवा: मानेची आणि पाठीची पिसं कातड्यासकट बाजूला ठेव. माझा दुकानदार अजून दरवर्षी तांबड्या कोंबड्याची एक पिशवी माझ्यासाठी ठेवतो. घरी आणल्यावर कातडीची चरबी खरवडा, भांड्यांच्या साबणाने दोन पाण्यांत धुवा, पंख्याखाली दोन दिवस वाळवा, बंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा आठवडाभर, कारण अंडी वाचली असतील तर तोवर किडे बाहेर आलेले असतात. घरच्यांना आधी विचारा आणि पिशवीवर नाव घाला.

तुमच्या भावाचा हिवाळा आणि आपला पावसाळा यांत खरा फरक हवेचा आहे. बर्फाच्या दिवसांत तिकडे घरं तापवलेली असतात, हवा कोरडीठक्क. पिसांना आणि फरला स्थिर वीज धरते, बोटांना चिकटतात, भुरभुर उडतात. तो बोटं ओली करून बांधत असेल. आपल्याकडे जुलैत हवेत ऐंशी टक्क्यांच्या वर दमटपणा, त्यामुळे तो त्रास नाही, पण बाकीचे सगळे आहेत. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो. पावसात तो डोळ्यांदेखत आळतो आणि आजूबाजूला पांढरी झाक सोडतो. सुईच्या टोकाने, अगदी थेंबाचा थेंब लावा. नेलपॉलिश डोक्यावर लावायला चांगलं, पण मुसळधार पावसात लावलं तर दुधाळ होतं, कारण त्यातलं द्रावण उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर धरतं. लावायचंच असेल तर फ्लाय टेबललॅम्पच्या पिवळ्या दिव्याखाली हातभर अंतरावर वाळवा. अतिनील प्रकाशाने कडक होणारं रेझिन ओलाव्याला जुमानत नाही. परवडत असेल तर मी तेच घ्या म्हणेन.

गळांचं तर विचारू नका. पुठ्ठ्याच्या डबीत ठेवलेले कोरे गळ श्रावणाआधी गंजतात. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, हा एकच उपाय. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते आणि वास फ्लायला कायमचा लागतो. खाडीवरून आल्यावर वापरलेली फ्लाय थेट डबीत न ठेवता गोड्या पाण्यात खळबळून, सुकवून मगच ठेवा. एका ओल्या फ्लायने माझी चाळीसची डबी गंजवली आहे.

बांधून झालेली फ्लाय टेबलावर पारखू नका. बादली भरा, फ्लायला हातभर दोरी लावा, पाण्यात सोडा आणि थोडी थोडी उचलत ओढा. टोक वर राहतंय का, कुशीवर कलतेय का, ओले झाल्यावर केस एकत्र येऊन माशासारखा निमुळता आकार होतो का, एवढंच बघायचं. कलत असेल तर डोळे वाकडे. आकार होत नसेल तर केस जास्त. असा एकच नमुना, एकाच मापाचा, एकाच रंगाचा, बारा वेळा बांधा. पहिली आणि बारावी शेजारी ठेवा. मग दुसरा नमुना घ्या, तोही कोळंबीचा घ्या, कारण पावसानंतर खाडीत करंदी भरपूर असते.

गरवायला कधी, तेही सांगून टाकतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीबंदी असते. किनाऱ्यावरून गरी टाकणाऱ्याला ती लागू नाही, पण या दिवसांत खडकांवर जाऊ नका, दरवर्षी तिथून माणसं वाहून जातात. नारळी पौर्णिमा उलटून पाणी जरा निवळलं की सुरुवात करा. विहार आणि तुळशी तलाव राष्ट्रीय उद्यानात येतात, ठाणे खाडीचा मोठा पट्टा फ्लेमिंगोंचं अभयारण्य आहे. तिथे गरी न्यायचीच नाही. आणि जिताडा मोठा लागला तर सोडा. हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, म्हणजे हातात आलेला मोठा जिताडा बहुतेक अंड्यांची मादीच असणार.

आता मुलगी. आठ वर्षं हे छान वय आहे, बोटं बारीक असतात आणि घाई कमी. पण डोळे शिशाचे असतील तर तिच्या हातात देऊ नका. तिच्यासाठी बाथरूमच्या बुचाला असते तशी मण्यांची स्टीलची साखळी आणा, दोन-दोन मणी कापले की हलके डोळे तयार. तुम्हीही शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुवा, मगच चहा. गळाचं टोक बुचाच्या तुकड्यात खुपसून ठेवा आणि तिला आधी नुसता धागा तोडायला द्या, दहा वेळा, तुमच्यासारखाच. रंग तिला निवडू द्या. जांभळा म्हणाली तर जांभळा बांधा. गढूळ पाण्यात संध्याकाळी गडद रंगाची आकृती माशाला खालून चांगली दिसते. माझ्या डबीत जांभळ्या-काळ्याची एक रांग कायम असते.